मॉरिशस, सप्टेंबर अखेर, सोबत सासू-सासरे आणि आठ वर्षांचा मुलगा: कोणता किनारा निवडावा?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी मॉरिशसला जायचं घाटतंय. घरचे गौरी-गणपती आटोपले की निघायचं आणि सर्वपित्रीच्या आत परत यायचं, असं सासऱ्यांनी बजावून ठेवलंय. आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांचं गुडघ्याचं दुखणं जुनं आहे. सपाटीवर आरामात चालतात, जिने आणि चढ नको. सासूबाई पूर्ण शाकाहारी, बाकी सगळे मासेखाऊ. मुलगा क्लबच्या तलावात चांगला पोहतो, समुद्रात अजून गेलेला नाही.

एजंटने दिलेला कार्यक्रम असा: पूर्व किनाऱ्यावर बेल मार इथे सहा रात्री. एक दिवस नॉर्थ टूर, एक दिवस साउथ टूर, एक दिवस इल-ओ-सेर्फ बेट, एक दिवस डॉल्फिन, एक दिवस कासेला प्राणी-उद्यान. हॉटेल फोटोत फार देखणं आहे. पण हे वाचून माझा जीव दडपला. मला समुद्र हवाय. सकाळी उठून पाण्यात शिरायचं, दुपारी सावलीत पुस्तक घेऊन पडायचं, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. या कार्यक्रमात आम्ही हॉटेलच्या किनाऱ्यावर कधी असणार तेच कळत नाही.

जाऊन आलेल्यांनी सांगा: बेल मार ठीक आहे का? मुलाला पाण्यात सोडता येईल का? शाकाहाराचं काय? आणि सासऱ्यांना काय झेपेल?

दर्यावर्दी

मृण्मयीताई, हॉटेलचे फोटो बाजूला ठेवा आणि आधी वारा बघा. मॉरिशसमध्ये सुट्टी चांगली जाणार की नाही हे निम्मं तिथेच ठरतं आणि एजंट नेमकं तेवढंच सांगत नाहीत.

हे बेट दक्षिण गोलार्धात आहे. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे हिवाळा. मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून व्यापारी वारे सतत वाहतात आणि जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांचा जोर जास्त असतो. ते थेट पूर्व किनाऱ्यावर येतात. मग मधल्या पठारावर चढतात, क्यूरपीपच्या आसपास पाऊस टाकतात आणि पश्चिमेला उतरेपर्यंत कोरडे झालेले असतात. त्यामुळे एकाच दिवशी बेल मारला वाळू अंगाला टोचत असते, क्यूरपीपमध्ये स्वेटर घालावा लागतो आणि फ्लिक-आँ-फ्लाकला माणसं शांत पाण्यात डुंबत असतात. बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, तेवढ्यात हे सगळं!

बेल मार वाईट नाही. तिथली वाळू मला अख्ख्या बेटावर सगळ्यात जास्त आवडते. पण ती जागा नोव्हेंबरपासून पुढे, जेव्हा पश्चिमेला उकडून जीव नकोसा होतो आणि पूर्वेची झुळूक हवीहवीशी वाटते. सप्टेंबरमध्ये ज्येष्ठ आणि लहान मूल बरोबर असेल तर मी डोळे झाकून पश्चिम किंवा वायव्य किनारा घेईन. पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक आणि त्याला लागून वोल्मार. वायव्येला त्रू-ओ-बिश आणि माँ श्वाझी. ल मोर्नच्या पायथ्याशी हॉटेलं सुंदर आहेत, पण तिथल्या खाडीत वारा असा घुसतो की जगभरचे काइटसर्फिंगवाले तिथेच येतात. तुमच्या सासूबाईंना ते बघायला मजा येईल, राहायला नाही.

अभय_नाशिक

दर्यावर्दींशी बऱ्याच अंशी सहमत, पण पूर्वेवर जरा अन्याय होतोय. सप्टेंबर संपता संपता वारा हळूहळू नरमायला लागतो. आम्ही त्याच सुमारास पूर्वेला राहिलो होतो. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत पाणी छान असायचं, दुपारनंतर मात्र उठायचा वारा. ज्यांना सकाळीच पोहायचं असतं आणि गर्दी नको असते त्यांनी पूर्व जरूर बघावी. फ्लिक-आँ-फ्लाकच्या रस्त्याला इमारतींची दाटी झालीये, हेही सांगायला हवं.

दर्यावर्दी

अभय, मान्य. दोघंच असाल तर तुमचं बरोबर. पण मृण्मयीताईंना संध्याकाळीही पाण्यात जायचंय आणि मुलगा पहिल्यांदाच समुद्रात उतरणार आहे. म्हणून पश्चिम.

दाटीवर उपाय आहे: मुख्य वस्तीपासून दक्षिणेला वोल्मारकडे सरकलं की गजबज कमी होते. शिवाय मॉरिशसमध्ये किनारे सार्वजनिक असतात, हॉटेलसमोरच्या वाळूवरूनही कुणालाही चालत जाता येतं. म्हणजे राहायला साधी जागा घेतली तरी उत्तम किनारा तुमचाच. हे लक्षात घेऊन बजेट आखा. खोलीतून समुद्र दिसण्यासाठी जे जास्तीचे पैसे घेतात, ते पाच माणसांच्या कुटुंबाने दुसरीकडे खर्च करावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कोकणी_बाबू

एक प्रामाणिक प्रश्न. एवढा खर्च करून समुद्रच बघायचा तर तारकर्ली, आरे-वारे, गुहागर काय वाईट? तिथेही सुरूच्या बनात बसून पुस्तक वाचता येतं.

जुईली

बाबूदा, गुहागरवर माझाही जीव आहे. पण सप्टेंबरमध्ये आपला समुद्र पावसाळ्यातून नुकताच बाहेर येत असतो. पाणी गढूळ, लाटा मोठ्या. आणि मॉरिशसचा फरक प्रवाळाच्या कड्याचा आहे. जवळजवळ सगळ्या बेटाभोवती तो कडा आहे. मोठ्या लाटा त्याच्यावर फुटतात आणि आत उथळ, निवळ पाणी राहतं. भरती-ओहोटीतला फरकही फार थोडा, त्यामुळे दिवसभर पाणी जागेवरच असतं. मी मुलांना पोहायला शिकवते. तलावात शिकलेल्या मुलाला समुद्राची ओळख करून द्यायला असं पाणी फार चांगलं.

मृण्मयी, लेकासाठी काही गोष्टी सांगते, त्या मात्र काटेकोर पाळ.

पायात रबरी तळाचे पाण्याचे बूट हवेतच, सगळ्यांच्या. वाळू मऊ असली तरी आत प्रवाळाचे तुकडे आणि समुद्री साळिंदर असतात. स्टोनफिशही असतो, तो तळाच्या दगडासारखाच दिसतो आणि त्याचा काटा विषारी असतो. असं काही टोचलं तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. बूट इथूनच घेऊन जा, मापात बसतात की नाही ते घरी घालून बघ. सैल बूट पाण्यात निघून जातो.

दुसरं, प्रवाळाच्या कड्यात मधेमधे खिंडी आहेत, तिथून आतलं पाणी बाहेर खेचलं जातं. हॉटेलवाल्याला पहिल्याच दिवशी विचार, जवळची खिंड कुठे आहे, आणि त्या बाजूला जाऊच नका. तरंगत्या बोयांनी आखलेला पोहण्याचा भाग असतो, त्याच्या आतच राहायचं, कारण बाहेर स्पीडबोटी फिरतात.

तिसरं, त्या दिवसांत पाणी २२-२३ अंशांच्या आसपास असतं. आपल्या मुलांना ते गार लागतं. ओठ निळे पडेपर्यंत मुलं बाहेर येत नाहीत. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाल, थंडी आणि ऊन दोन्ही आटोक्यात राहील.

त्रू-ओ-बिश मला लहान मुलांसाठी फ्लिक-आँ-फ्लाकपेक्षा उजवं वाटतं. पाणी बरंच आतपर्यंत कमरेएवढंच राहतं आणि तळ जास्त वाळूचा आहे. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री आहे, तिथे कडा तुटलाय आणि लाटा थेट कातळावर आपटतात. ते दृश्य आवर्जून बघा, पण पाण्याच्या जवळही नको.

मृण्मयी_ठाणे

किती आपुलकीने लिहिताय सगळे! जुईली, बुटांचं आजच टिपून घेतलं.

म्हणजे पूर्व रद्द. आता पश्चिम की वायव्य, यावर घरात चर्चा सुरू आहे. नवरा म्हणतोय, झांझिबारचाही एकदा विचार करू, तिकडचे फोटो त्याला जास्त आवडतात.

भटकी_वसुधा

झांझिबार मला अतिशय प्रिय आहे, तरी तुमच्या या सहलीसाठी मी नाही म्हणेन. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे पाजे-जांबियानी भागात, ओहोटीला पाणी इतकं दूर जातं की पोहायला मिळावं म्हणून भरतीचं वेळापत्रक खिशात ठेवावं लागतं. उत्तरेला नुंग्वी आणि केंद्वाला तो त्रास कमी. टांझानियाचा व्हिसा लागतो, वर झांझिबारचा स्वतःचा सक्तीचा प्रवास विमा ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालाय, माणशी ४४ डॉलर. हिवतापाची काळजी घ्यावी लागते. स्टोन टाउनच्या गल्ल्या, लवंगेचे मळे, रात्री फोरोधानी बागेतल्या गाड्या, हे सगळं तुम्ही दोघं नंतर कधीतरी निवांत बघा.

मॉरिशसला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याची नोंद आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत, शिवाय निघण्यापूर्वी ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. मुंबईहून थेट विमान सहा-सव्वासहा तासांचं. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे ज्येष्ठांची झोप मोडत नाही. आजकाल रात्रीमागे पर्यटक शुल्कही घेतात, ते हॉटेलच्या दरात धरलंय का हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

आणि एक अत्यंत महत्त्वाचं: सासऱ्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या. मॉरिशस औषधांच्या बाबतीत फार कडक आहे. ट्रामाडॉल, कोडीन असलेली औषधं, काही झोपेच्या गोळ्या यांवर निर्बंध आहेत. त्यांच्या डॉक्टरांना विचारून यादी करा, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन सोबत असू द्या. निर्बंधातलं काही असेल तर आधी परवानगी काढावी लागते. डब्यात सुट्या भरलेल्या गोळ्या घेऊन जाऊ नका.

सुगरण_नीला

खाण्यापिण्याचं मी सांगते. सासूबाईंची काळजी सोड.

मॉरिशसच्या रस्त्यावरचा राजा म्हणजे धोल पुरी. हरभऱ्याची डाळ शिजवून, जिरं-हळद घालून बारीक करतात आणि ते सारण मैद्याच्या पातळ पोळीत भरतात. आपली पुरणपोळी गुळाऐवजी मिठाची केली तर जशी लागेल, तशी. विकतात जोडीने. गाडीवाला दोन पुऱ्या एकावर एक ठेवतो, त्यावर वालाच्या जातीच्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोचा रुगाय आणि कोथिंबिरीची चटणी घालतो, आणि बोटाच्या एका फेरीत गुंडाळून कागदात देतो. ही सगळी हालचाल डोळ्यांदेखत क्षणात होते. मिरची वेगळी विचारतात. पहिल्यांदा थोडीच घ्या, तिथली मिरची झणझणीत असते. वरचा रस कागदातून गळायच्या आत उभ्या उभ्या खायची.

फराता म्हणजे आपला पराठाच, तो भाजीबरोबर मिळतो. गातो पिमाँ म्हणजे छोटे डाळवडे, सकाळी पावात घालून लोणी लावून खातात. बरोबर आलुदा, सब्जा घातलेलं थंड दूध. लग्नकार्यातलं केळीच्या पानावरचं सात भाज्यांचं जेवण कुठल्या हॉटेलात मिळालं तर सोडू नका.

मासेखाऊंसाठी मोहरी-हळदीतला माशाचा विंदाय आणि ऑक्टोपसची आमटी, ऑक्टोपसला तिथे उरित म्हणतात.

हॉटेलात सगळं जेवण धरलेलं पॅकेज घेऊ नकोस. नाश्ता आणि फार तर रात्रीचं जेवण. दुपारी बाहेर खा, नाहीतर हे सगळं चुकेल. स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतलीत तर सुपरमार्केटात डाळ, तांदूळ, मसाले सगळं मिळतं, इथून पिठं वाहून नेऊ नका.

मृण्मयी_ठाणे

नीलाताई, सासूबाईंना हे मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मिठाची पुरणपोळी? मला कृती आण विचारून."

त्यांच्या गोळ्यांमध्ये (म्हणजे सासऱ्यांच्या) एक शंकास्पद नाव आहे, डॉक्टरांशी बोलतोय. वसुधाताई, हे आम्हाला कोणीच सांगितलं नसतं.

डॉल्फिनचं काय? मुलाचा फार हट्ट आहे.

दर्यावर्दी

टॅमरिनच्या उपसागरात पहाटे डॉल्फिन येतात, रात्रभर खोल समुद्रात शिकार करून विश्रांतीला. आणि तिथेच डझनावारी बोटी त्यांच्या मागे लागतात. कळप वळला की सगळ्या बोटी वळतात, माणसं पाण्यात उड्या टाकतात, कळप बुडी मारून पुढे निघतो, की पुन्हा इंजिनं सुरू. मला ते बघवत नाही. झोपायला आलेल्या जनावराला झोपू देत नाहीत, एवढं साधं आहे ते. 'डॉल्फिनबरोबर पोहा' असं कोणी विकत असेल तर घेऊ नका.

मुलाला दाखवायचेच असतील तर लांबून, पाण्यात न उतरता दाखवणारी बोट निवडा आणि तसं आधी बोलून घ्या. शिवाय तुम्ही जाताय तेव्हा कुबड असलेले देवमासे, हंपबॅक, त्या पाण्यात आलेले असतात, साधारण जुलै ते ऑक्टोबर. पश्चिमेच्या समुद्रात बोटीतून त्यांचा श्वासाचा फवारा दिसला तर पोरगं डॉल्फिन विसरेल. दिसतीलच असं वचन कुणी देऊ शकत नाही, हे मात्र त्याला आधी सांगून ठेवा.

अभय_नाशिक

कासेला वगळलंत तरी चालेल. इल-ओ-सेर्फ मात्र एक दिवस ठेवायला हरकत नाही. त्रू-दो-दूसहून बोट सुटते. पण बोटीत चढताना-उतरताना गुडघाभर पाण्यातून जावं लागू शकतं, सासऱ्यांना विचारून ठरवा. आणि आग्नेय नदीचा धबधबा, बार्बेक्यू, पॅरासेलिंग असं सगळं एकाच दिवसात कोंबलेली सहल नको, नुसती बेटावर नेऊन आणणारी बोट घ्या.

पोर्टलुईकर

धागा आजच पाहिला. मी नोकरीनिमित्त इथेच असतो, म्हणून लिहितो.

पश्चिमेचा सल्ला अगदी योग्य. आज सकाळी पूर्वेला कामासाठी गेलो होतो, वाऱ्याने छत्री उलटली. दुपारी फ्लिक-आँ-फ्लाकला पान हलत नव्हतं.

गाडी चालवणं सोपं, आपल्यासारखंच डावीकडून आणि भारतीय परवाना चालतो. पण सध्या उसाची तोडणी सुरू असते, जूनपासून डिसेंबरपर्यंत. अरुंद रस्त्यांवर उसाच्या ट्रकमागे अडकायला होतं. अंतर नकाशावर चाळीस किलोमीटर दिसलं तरी सव्वा-दीड तास धरा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि गावं लवकर मिटतात. रात्री आठनंतर जेवायला कुठे जायचं हे पर्यटकांच्या वस्तीबाहेर आधी ठरवून ठेवावं लागतं. रविवारी दुपारी बरीच दुकानं बंद.

रविवारी एक मात्र करा. सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली इथली कुटुंबं डबे, चटया घेऊन दिवसभर येतात. कुणीतरी रावान वाजवायला घेतं आणि सेगा, म्हणजे इथलं नाचगाणं, सुरू होतो. रावान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणून बसवलेलं चपटं वाद्य. वाजवण्याआधी ते शेकोटीजवळ धरतात, कातडं तापून ताठ होईपर्यंत बोटांनी टिचक्या मारून आवाज तपासतात. हॉटेलच्या रंगमंचावरचा सेगा बघण्यापेक्षा हा बघा. गुलामीत आणलेल्या माणसांची ही कला आहे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१४ साली तिची नोंद झाली.

सासरे मूळ कुठले?

मृण्मयी_ठाणे

संगमेश्वरचे. का हो?

पोर्टलुईकर

मग त्यांच्यासाठी एक सकाळ पोर्ट लुईला द्या.

बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांची इथली कहाणी सुरू झाली. गुलामगिरी संपत होती आणि ऊसमळ्यांना माणसं हवी होती. जवळपास पाच लाख माणसं भारतातून आली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तीन बंदरांतून. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरीकडची माणसं पुष्कळ. घाटाचे मूळ भाग थोडेच उरलेत: दगडी पायऱ्या, मजुरांना ठेवायच्या खोल्यांचे अवशेष, स्वयंपाकाची जागा. २००६ पासून जागतिक वारसा. जागा लहान आहे, फिरायला गुडघ्याला त्रास होणार नाही, आणि शेजारीच माहिती केंद्र आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत: नाव, बापाचं नाव, गाव, वय, उंची, जहाज. नंतरच्या काळातल्या नोंदींबरोबर फोटोही आहेत. इथल्या महाराष्ट्र भवनात २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळाही बसवला.

इथला मराठी समाज घरात क्रिओल बोलतो, पण शाळांमध्ये मराठी हा विषय घेता येतो आणि जाखडी अजून नाचतात. गणपतीची इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते, बहुधा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, कारण विसर्जन तेव्हा असतं. २०२५ ला भारतात २७ ऑगस्टला चतुर्थी होती, इथली सुट्टी २८ ला. पश्चिमेला कास्काव्हेल गावात मराठी वस्ती मोठी आहे, तिथले गणपती फ्लिक-आँ-फ्लाकच्या समुद्रात जातात. तुम्ही याल तेव्हा उत्सव संपलेला असेल, तरी गावातल्या देवळात जा. संगमेश्वरचे म्हणून ओळख सांगितली की चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत.

कोकणी_बाबू

पोर्टलुईकर, हे वाचून मी माझा तारकर्लीचा मुद्दा मागे ठेवतो. जाखडी नाचतात? आमच्या गावात आता फक्त म्हातारे उरलेत नाचणारे. शक्य असेल तर यावर वेगळा धागा काढा, फोटोंसकट.

पोर्टलुईकर

नक्की काढतो, बाबूदा.

मृण्मयीताई, त्याच जोडीने ल मोर्नचा डोंगर. चढायचा नाही, खालून बघायचा. पळून गेलेले गुलाम त्या कड्यांच्या आडोशाने राहायचे. लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट अशी: १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली आणि ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले, तेव्हा वरच्यांना वाटलं आपल्याला धरायला येताहेत, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. दर १ फेब्रुवारीला इथे सुट्टी असते. २००८ पासून तोही जागतिक वारसा. पायथ्याशी किनारा आहे, तिथे बसून मुलाला हे सांगा. आठव्या वर्षी कळतं त्याला.

मृण्मयी_ठाणे

सासऱ्यांनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. त्यांच्या आजोबांचे एक भाऊ 'मिरिशला' गेले आणि परत आले नाहीत, असं घरात बोललं जायचं म्हणे. हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. नाव त्यांना आठवतंय, साल नाही. नोंदवह्या बघायला मिळतात का?

पोर्टलुईकर

वारसदारांना शोध घेता येतो, पण आधी संस्थेला लिहून वेळ ठरवा. थेट जाऊन उभं राहू नका. नाव, बापाचं नाव, गाव आणि तालुका, आणि अंदाजे दशक लिहा. इंग्रज कारकुनांनी कानावर पडेल तसं लिहिलंय, त्यामुळे एकाच नावाची चार-पाच स्पेलिंग सुचवून द्या. मिळेलच असं सांगू शकत नाही. आजच लिहा, म्हणजे तुम्ही येईपर्यंत उत्तर हातात असेल.

भटकी_वसुधा

अंगावर काटा आला. मृण्मयी, घरातल्या जुन्या वह्या, कुलदैवताकडच्या नोंदी, जमिनीचे कागद, सगळं चाळा. गावी कुणी असेल तर फोन करा.

मृण्मयी_ठाणे

नवऱ्याने गावच्या काकांना फोन लावलाय, आणि मेल आजच जातोय.

तर ठरलं ते लिहिते. एजंटचं पॅकेज नाकारलं. त्रू-ओ-बिशला स्वयंपाकघर असलेली सदनिका, सहा रात्री. तिथून पोर्ट लुई जवळ, म्हणून पश्चिमेऐवजी वायव्य. पहिले दोन दिवस फक्त समुद्र. मग एक सकाळ आप्रवासी घाट आणि मोका. एक दिवस गाडी करून ल मोर्न, शामारेलची रंगीत माती आणि परतताना कास्काव्हेलचं देऊळ. गंगा तलावाला सासूबाईंना जायचंय, ते त्याच दिवशी बसेल का? बाकी सगळे दिवस पाण्यात. डॉल्फिन नाही, देवमाशांची बोट बघू.

दर्यावर्दी

उत्तम. गंगा तलाव शामारेलच्याच वाटेवर आहे, सकाळी आधी तो करा. पठारावर आहे, गार वारा आणि भुरभुर पाऊस असतो, सासूबाईंना शाल द्या. तलावाकाठी जागा सपाट आहे आणि शंकराची १०८ फुटी मूर्ती रस्त्यावरूनच दिसते. शामारेलला रंगीत मातीपर्यंत चालणं थोडंच आहे. धबधब्याचा वरचा सज्जा सासऱ्यांनी सोडून दिला तरी चालेल. त्याच दिवशी आणखी काही घालू नका.

जुईली

पहिले दोन दिवस समुद्राला दिलेस हे फार आवडलं. लेकाला पहिल्या दिवशी मास्क लावून कमरेएवढ्या पाण्यात फक्त तोंड बुडवायला लाव, नळीतून श्वास घ्यायची सवय होऊ दे. पायाला लावायचे पोहण्याचे पंख नकोत, ते घातले की मुलं प्रवाळावर पाय देतात. सकाळी लवकर जा, तेव्हा पाणी निवळ असतं आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे अगदी पायाशी येतात.

मृण्मयी_ठाणे

शेवटचा प्रश्न. परतीचं विमान सोमवारी संध्याकाळी आहे आणि सदनिका सकाळी सोडायची. विमानतळ तर दुसऱ्या टोकाला. मधला वेळ कुठे घालवू?

पोर्टलुईकर

सोमवार म्हणजे नशीब काढलंत, माहेबूरचा आठवडी बाजार सोमवारीच असतो. विमानतळाजवळचंच गाव. सकाळी सामानासकट गाडीने तिकडे निघा. बाजारात व्हॅनिला, गातो पिमाँ, लोणची मिळतील. त्याच किनाऱ्याजवळ जुलै २०२० मध्ये वाकाशिओ जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल गळालं होतं. गावकऱ्यांनी उसाचा पाला भरून लांबच लांब तरंगते अडसर शिवले आणि रात्रंदिवस तेल अडवलं. बाजारात कुणालाही विचारा, त्याने स्वतः काय केलं ते सांगेल.

तिथून ब्लू बे जवळ आहे. सागरी उद्यान आहे ते. काचेच्या तळाची बोट तासाभरात फिरवून आणते, पोहायची गरज नाही, सासू-सासऱ्यांना बसल्या जागी प्रवाळ दिसेल. काही ठिकाणी तो पांढरा पडलेला दिसेल, पाणी तापल्याने तसं होतंय. बोटवाल्याला सांगा की वडीलधारे आहेत, लाकडी पायरी लाव. लावतात. गाडीत सामान असेल तर ड्रायव्हरला तिथेच थांबायला सांगा, तसा दर आधी ठरवा. ब्लू बेपासून विमानतळ पंधरा-वीस मिनिटांवर आहे. नोंदवह्यांचं उत्तर आलं की मात्र इथे कळवा, मोक्याला मीही येईन तुमच्याबरोबर.